मक्याच्या मागोमाग आलेला किडा

मक्याच्या इतिहासापाशी आम्ही वर्गात दरवर्षी थोडे रेंगाळतो. मका मूळचा मेक्सिकोचा. सोळाव्या शतकापासून तो समुद्रमार्गे आफ्रिकेत व आशियात पसरला, एवढे सांगून तास संपवता येतो. गेल्या वर्षी मात्र एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, आमची आजी कणसं पाल्यासकट आढ्याला टांगते. ते बरोबर की चूक?" उत्तर देताना आम्हांला टांझानियातील टबोरा या भागाची हकिकत सांगावी लागली. ज्यांच्या घरी आजही कणगी भरली जाते, अशा पालकांसाठी ती येथे मांडत आहोत.

टबोराचा शेतकरीही मका कणसासकटच ठेवी. कोणी माळ्यावर, कोणी चुलीच्या धुरात. त्याचा जुना शत्रू म्हणजे आपल्याही ओळखीचा सोंडा. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते व भोक बुजवून टाकते. अळी आतच वाढते. वरून दाणा धडधाकट दिसतो. कणसावरचा पाला घट्ट असला, तर सोंड्याला दाण्यापर्यंत पोहोचणे कठीण जाते. म्हणजे कणसे पाल्यासकट ठेवण्याची रीत अडाणीपणाची नव्हती. तिला कारण होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिने घरे जगवली होती.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस तेथे एक निराळा भुंगेरा दिसू लागला. चार मिलिमीटरांच्या आसपास लांबी, नळीसारखे गोल अंग, गडद तपकिरी रंग. लोक त्याला दुमुझी म्हणू लागले. हाही मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेचाच. मका आफ्रिकेत गेला तेव्हा हा मागे राहिला होता, तो चारशे वर्षांनी येऊन पोहोचला. त्याने तीन ते सहा महिन्यांत काही घरांतील मक्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा पिठासारखा भुगा करून टाकला. वर्षाची भाकरी ज्या माळ्यावर, त्या घरात तिसरा हिस्सा जाणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

आता खरी गोष्ट पाहा. जी रीत सोंड्याला अडवी, तीच या भुंगेऱ्याच्या पथ्यावर पडली. त्याला पोखरताना आधार लागतो. सुटा दाणा हलतो, निसटतो. कणसात दाणे घट्ट बसलेले असतात. पाला त्याला फारसा अडवत नाही, कारण तो कणसाच्या बुडातूनही आत शिरतो. सोंड्याला न मानवणाऱ्या कोरड्या मक्यातही तो वाढतो, त्यामुळे नुसत्या उन्हाने भागत नाही. कोठाराचे लाकूडसुद्धा तो पोखरतो.

उपाय निघाला तो रीत मोडूनच. कणसे सोलून दाणे मोकळे करा, त्यांत दोन औषधांची मिश्र भुकटी कालवा, मग साठवा, असे शेतकऱ्यांना सांगण्यात आले. औषधे दोन, कारण परमेथ्रिन भुंगेऱ्यावर चाले, तर सोंड्यासाठी पिरिमिफॉस-मिथाइल लागे. सल्ला योग्य होता, पण फुकटचा नव्हता. भुकटीला पैसे, सुट्या दाण्यांना नवी कणगी किंवा पोती, आणि सोलण्याचे कष्ट. ते बहुधा बायकांच्याच वाट्याला येत. (असे कष्ट हिशेबात धरण्याची सवय सल्ला देणाऱ्यांना क्वचितच असते.)

या भुंगेऱ्याला खाणारा एक छोटा काळा किडा त्याच्या मायदेशी होता. तो मुद्दाम आणून १९९१ साली टोगोत आणि १९९२ साली केनियात सोडला. काही उष्ण-दमट भागांत भुंगेरे कमी झाले. घरातल्या साठ्याची काळजी मात्र शेतकऱ्यालाच घ्यावी लागली.

मग आजीचे काय? आम्ही त्या मुलीला सांगितले, की आजीची रीत सोंड्यापुरती बरोबर आहे. पण रीत जुनी आहे म्हणून ती राखू नये किंवा टाकूही नये, मोजून पाहावी. यंदा सुगीनंतर वर्गाने दहा कणसे पाल्यासकट आढ्याला टांगली आहेत. दुसऱ्या दहांचे दाणे कडक उन्हात वाळवून झाकणाच्या डब्यात ठेवले आहेत. भीमजयंतीच्या आठवड्यात दोन्हींतले शंभर-शंभर दाणे घेऊन भोके मोजायची आहेत. मोजायला आजीलाही बोलावले आहे.