शेडरचे स्वरूप आणि बाजारपेठेची दारे

संगणक-खेळातील प्रकाश, सावली, पोत यांचे गणित करणाऱ्या छोट्या आज्ञावलीस शेडर म्हणतात. ती ग्राफिक्स कार्डाच्या चालकाकडे मधल्या भाषेत जाते. मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टथ्रीडी 12 मध्ये ही भाषा ‘डीएक्सआयएल’, तर क्रोनॉस समूहाच्या खुल्या व्हल्कन मानकात (2016) ‘स्पिर-व्ही’. लिनक्सवरील व्हल्कनला दुसरीच समजते. त्यामुळे लखनौमधील एखाद्या विद्यार्थ्याने लिनक्सवर विंडोजसाठीचा खेळ सुरू केला, की भाषांतराचा भार त्याच्याच यंत्रावर पडतो आणि खेळ कधी अडखळतो. (अडखळणे विंडोजवरही घडते, तेथे हा जादा टप्पा मात्र नसतो.) अर्थशास्त्रात यास बदल-खर्च म्हणतात आणि मक्तेदारी पुष्कळदा त्यावरच टिकते. व्हॉल्व्हने 2018 मध्ये आणलेल्या ‘प्रोटॉन’ने हा खर्च बराच घटवला, त्यातील भाषांतर-साधने मुक्त स्रोत असल्याने ती कोणासही वापरता येतात.

सप्टेंबर 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टनेच शेडर मॉडेल 7 पासून स्पिर-व्ही स्वीकारण्याचे जाहीर केले. जुन्या खेळांसाठी भाषांतर तरीही लागेलच. परीक्षार्थींनी भारत सरकारच्या नोव्हेंबर 2010 च्या ई-प्रशासनविषयक खुल्या मानकांच्या धोरणाशी हे उदाहरण ताडून पाहावे. मानकातील आवश्यक पेटंट-हक्क रॉयल्टीविना उपलब्ध असावेत, अशी अपेक्षा त्यात आहे.