छायाचित्रें टिपणाऱ्या विमानांचे रंग

आमच्या नाकाडोंगरीच्या बाजारांत तलावाची मासळी येते. टोपलींतील रोहू माशाकडे नीट पाहिलें, तर त्याची पाठ काळसर व पोट रुपेरी दिसतें. वरून टपलेल्या पक्ष्यास काळसर पाठ गढूळ पाण्यांत उमगत नाहीं, व खालून येणाऱ्या मोठ्या माशास रुपेरी पोट वरच्या उजेडांत मिसळलेलें भासतें. ज्यास लपावयाचें आहे, त्यानें आपणांस कोण, कोठून व कोणत्या उजेडांत पाहणार, हें आधीं ओळखिलें पाहिजे. निसर्गानें माशास दिलेला हा धडा दुसऱ्या महायुद्धांत कांहीं वैमानिकांस नव्यानें गिरवावा लागला. त्यांची हकीकत विद्यार्थी मित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावी, असें आम्हांस वाटतें.

शत्रूच्या बंदरांचीं व कारखान्यांचीं छायाचित्रें आकाशांतून काढून आणणें, हें या वैमानिकांचें काम होतें. ब्रिटिश वायुसेनेंतील मॉरिस लाँगबॉटम या अधिकाऱ्यानें १९३९ सालीं असें सुचविलें कीं, या कामास मोठें, जड विमान नको. लहान व वेगवान विमान एकटेंच पाठवावें. त्याप्रमाणें स्पिटफायर विमानांतील बंदुका काढून पंखांत कॅमेरे बसविण्यांत आले. १८ नोव्हेंबर १९३९ रोजीं लाँगबॉटम यानें स्वतःच अशी पहिली फेरी सुमारें ३३,००० फूट उंचीवरून केली. वैमानिक एकटा, जवळ शस्त्र नाहीं. उंची, वेग व रंग हेंच त्याचें चिलखत!

या तुकडीचे प्रमुख सिडनी कॉटन यांनीं रंगाचा बारकाईनें विचार केला. असें सांगतात कीं, लंडनजवळील हेस्टन विमानतळावरून जोधपूरच्या महाराजांचें फिकट हिरवट विमान उडालें व पाहतां पाहतां आकाशांत दिसेनासें झालें. त्यावरून कॉटन यांस आपल्या विमानांच्या फिकट हिरव्या रंगाची कल्पना सुचली. पुढें अनुभवानें असें ठरलें कीं, फार उंचावरून जाणाऱ्या विमानास सर्वांगीं करडा निळा रंगच उत्तम. याचें कारण हवेंत आहे. हवेचे सूक्ष्म कण निळा प्रकाश अधिक विखुरतात. त्यामुळें खालून पाहणाऱ्यास उंचावरील आकाश गडद निळें दिसतें. व वरून पाहणाऱ्यासही दूरची जमीन निळसर पडद्याआड गेलेली दिसते. दूरच्या डोंगररांगा निळ्या कां भासतात, याचेंही उत्तर हेंच.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे कांहीं स्पिटफायर विमानांस फिकट गुलाबी रंग देण्यांत आला! हीं विमानें ढगांच्या खालून, कमी उंचीवरून जात. पहाटे व सायंकाळीं ढगांवर गुलाबी छटा चढते, हें आपण नित्य पाहतों. अशा ढगाखालीं गुलाबी विमान खालच्या पहारेकऱ्यास सहसा दिसत नसे. परंतु ढग विरळ झाले व शत्रूचें विमान वर आलें, कीं हिरव्या शेतांवर तोच गुलाबी रंग उठून दिसे. जो रंग खालून तारी, तोच वरून घात करी.

आपल्या देशांतही या विद्येचा उपयोग झाला. १९४३ सालीं कलकत्त्याजवळ डमडम येथें ६८१ व ६८४ क्रमांकांचीं पथकें उभीं राहिलीं. त्यांचीं विमानें ब्रह्मदेशावर जाऊन छायाचित्रें आणीत. जपानी विमानांवर लाल वर्तुळ असे. म्हणून इकडील ब्रिटिश विमानांच्या चिन्हांतील मधला लाल ठिपका काढून टाकण्यांत आला, कारण मित्रानेंच मित्रावर गोळी झाडण्याचें भय होतें. तसेंच ६८४ व्या पथकाच्या मॉस्किटो विमानांचे सांगाडे लाकडी होते. त्यांस पुढें निळ्याऐवजीं चंदेरी रंग मिळाला. तो शत्रूच्या नजरेसाठीं नव्हे, तर आपल्याकडील कडक उन्हासाठीं.

मात्र रंगाचेंही सामर्थ्य मर्यादितच. फार उंचावरील थंड हवेंत इंजिनांतून निघालेली वाफ गोठून विमानामागें लांब पांढरी रेघ उमटते, व रंगानें झांकलेलें सर्व ती उघड करते. म्हणून वैमानिक आरशांत मागें पाहात राही, व रेघ दिसतांच उंची बदली.

२१ मे १९४१ रोजीं मायकेल सकलिंग या तरुण वैमानिकानें नॉर्वेच्या बर्गेन बंदराजवळ बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेचें छायाचित्र घेतलें. त्यावरून शोध सुरू झाला, व २७ मे रोजीं ती नौका बुडाली. परंतु त्याच वर्षीं जुलै महिन्यांत सकलिंग फ्रान्सकडे गेला, तो परत आला नाहीं. उत्तम रंगही प्रत्येक वेळीं राखतोच असें नाहीं. तो केवळ संधि देतो.

रंग स्वतः कोणास लपवीत नाहीं. आपल्या मागें काय आहे व पाहणारा कोठें उभा आहे, हें जाणणारी बुद्धि लपविते. पुढच्या बाजारीं रोहू हातीं आला, तर त्याची पाठ व पोट एकदां अवश्य न्याहाळून पाहावें.