टाकसाळीची चूक की नंतरची मोडतोड?

प्रश्न : सुट्ट्या पैशांत मला रुपयाचे एक नाणे मिळाले. त्याची कड एका बाजूने चंद्रकोरीसारखी कापलेली आहे. ही टाकसाळीतली चूक, की कुणी कानस चालवली? वर्षाखाली पत्त्यांतल्या चौकटीसारखी खूणही आहे. तीही चूकच का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : खुणेचे आधी सांगतो. ती चौकट मुंबई टाकसाळीची खूण आहे. नोएडाची खूण ठिपका, हैदराबादची बहुधा चांदणी. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. तेव्हा ती चूक नव्हे.

कडेचे प्रकरण मात्र खरोखर बघण्यासारखे आहे. धातूच्या लांब पट्टीतून नाण्याच्या कोऱ्या चकत्या कापतात. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर पुढची चकती आधीच्या भोकावर चढून कापली जाते आणि तिचा कोरीएवढा तुकडा कमी पडतो. छाप पडायच्या आधी चकतीची कड दाबून उंच करतात. कापलेल्या बाजूने दाब मिळत नाही, म्हणून बरोबर समोरची कडही बहुधा चपटी, पुसट राहते. भिंगातून आधी तिथेच बघा. मग कापलेल्या जागेजवळची अक्षरे बघा. खऱ्या चुकीत ती कडेकडे ओढल्यासारखी पसरट होतात, कारण छाप पडताना तिथे धातूला अडवायला काहीच नसते. कानशीने घासलेल्या नाण्यात अक्षर धारेवर कचकन तुटते, समोरची कड शाबूत असते आणि घासल्याच्या रेघा दिसतात. वजनावर मात्र जाऊ नका, ते दोन्हींत कमीच भरणार.

हाच न्याय इतर नाण्यांनाही लावा. ठशाला तडा गेला की धातू त्यात शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उठते. खोल गेलेली रेघ म्हणजे बहुतेक वेळा नंतरचा ओरखडा. आपले नाणे डावीकडून उजवीकडे उलटले, तर मागची बाजू सरळ यायला हवी. ती तिरकी किंवा उलटी आली, तर ठसा फिरलेला होता.

नाणे घासूनपुसून चकचकीत करू नका; पुरावाच जातो. आणि ‘लाखांत विकून देतो’ म्हणणाऱ्यांपासून सांभाळा. आपण असे व्यवहार करत नाही आणि त्यासाठी कमिशनही मागत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले आहे. तिच्या नावाने कुणी आगाऊ शुल्क मागितले, तर एक पैसाही देऊ नका.