स्पीकर बदलण्याआधी खोली ऐक

चि. ओंकार,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. तीन स्पीकरांची नावं, किमती, प्रत्येकाचे गुणदोष आणि शेवटी ‘आत्या, यातला कुठला घेऊ?’ बोनस हातात आल्यामुळे हात शिवशिवतायत, ते दिसतंच आहे. पण कुठलाच घेऊ नये, हा चौथा पर्याय तू यादीत धरलेला नाहीस. आयुष्यभर ध्वनिमुद्रणाच्या खोलीत काचेमागे बसून नोकरी केली म्हणून तू मला विचारतोस, तर उत्तरही त्याच खुर्चीतून देते.

दुकानात दुसरा जोड ‘एकदम खुलला’ असं तू लिहिलंस. तो खुलला की नुसता मोठा वाजला? एका स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८५ डेसिबल आणि दुसऱ्याची ८९ असेल, तर अँप्लिफायरच्या बटणाला हात न लावताही दुसरा चार डेसिबल मोठा वाजतो. पहिल्याला तिथवर न्यायचं तर अडीचपट वॅट लागतील. आणि कानाची खोड अशी, की किंचित मोठा आवाज त्याला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. हे विक्रेत्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून पुढच्या खेपेला मोबाइलवर आवाज मोजणारं अॅप घेऊन जा. दोन्ही जोडांवर पिंक नॉइज लाव. पत्र्यावर एकसारखा पाऊस पडावा तसा तो आवाज असतो. फोन तुझ्या कानाच्या उंचीवर एकाच जागी धर आणि दोन्हींची पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत आण. फोनचा आकडा खरा नसला तरी चालेल, दोन्ही वेळा सारखाच खोटा असला म्हणजे झालं. एवढं करूनही दुसरा जोड खुलला, तर मग बोलू.

डोळेही झाकायला हवेत. हरमन कंपनीतल्या फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोघांनी १९९४ साली एक प्रयोग मांडला होता. तेच चार स्पीकर तिथल्याच माणसांना एकदा दाखवून ऐकवले, एकदा पडद्याआडून. दिसत होते तेव्हा भपकेदार स्पीकरांना गुण जास्त पडले आणि छोट्या स्वस्त संचाचे गेले. पडदा आला आणि ही तफावत बरीचशी पुसली गेली. मला यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. स्पीकर खोलीत इकडचा तिकडे सरकवला की आवाज बदलतो, आणि हा बदल पडद्याआडून ऐकणाऱ्यांच्या चटकन लक्षात येत होता. स्पीकर समोर दिसत असताना त्याच माणसांना तो फारसा जाणवला नाही. नाव आणि किंमत डोळ्यांपुढे असली की कान काम टाळतो.

आता तुझ्या मूळ तक्रारीकडे येते. ‘सध्याचे स्पीकर घुमतात, डग्गा गढूळ येतो.’ तू पाठवलेला हॉलचा फोटो मी मोठा करून पाहिला. दहा बाय पंधराचा हॉल, खाली चकचकीत टाइल्स, टीव्ही युनिटच्या कप्प्यांत कोंबलेले दोन स्पीकर आणि समोरच्या भिंतीला पाठ लावून सोफा. बाबा रे, यात कुठलाही स्पीकर घुमेल! दहा फूट अंतरावरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झची लहर बरोबर अर्धी मावते, म्हणून तो सूर तिथे अडकून फुगतो. पंधरा फुटांच्या बाजूला हेच ३७-३८ हर्ट्झला होतं. असे फुगलेले सूर भिंतीपाशी सगळ्यात जाड ऐकू येतात आणि तुझं डोकं नेमकं तिथेच टेकलेलं असतं. म्हणून सोफा उचलून हॉलच्या बरोबर मध्ये आणशील, तर तिथे हेच सूर जवळपास नाहीसे होतील. मोठे, जास्त खर्ज देणारे स्पीकर या खोलीत आणणं म्हणजे रोग वाढवण्यासाठी पैसे मोजणं.

तेव्हा आधी फुकटचं कर. स्पीकर कप्प्यातून बाहेर काढ. तुझ्या स्पीकरला पाठीमागे भोक आहे, त्याला भिंतीपासून दीड-दोन फूट तरी मोकळी जागा हवी. स्टँड नसतील तर दोन भक्कम स्टुलं चालतील, फक्त ट्वीटर कानाच्या रेषेत आला पाहिजे. दोन स्पीकर आणि तू, यांचा साधारण समभुज त्रिकोण कर. सोफा भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे ओढ. मध्ये उभा राहून टाळी वाजव. मागे टर्रर्र असा धातूसारखा आवाज उमटला, तर तो उघड्या भिंतींचा आहे. जमिनीवर जाड सतरंजी, खिडकीला वजनदार पडदा आणि बाजूच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट, इतक्यावर तो बराच निवतो. पंधरा दिवस असं ऐक. घरमालकीणबाई सोफ्याबद्दल काही म्हणाल्या तर माझं नाव सांग.

ऐकायचं काय, हेही सांगते. दुकानातल्या नमुना तबकड्यांवर गिटार आणि एक कुजबुजती गायिका असते. त्यात सगळेच स्पीकर गोड लागतात. तू आपली माहितीची ध्वनिमुद्रणं ने. कुमार गंधर्वांच्या मैफलीतले तंबोरे लाव: जवारीतून निघणारे वरचे स्वर वेगवेगळे कळतात की नुसती भणभण येते? हार्मोनियम गळ्याला चिकटून चालते तिथे गळा आणि पेटी सुटी ऐकू येतात का? लावणीतली ढोलकी लाव, तिची थाप टोकदार लागली पाहिजे आणि घुंगरांनी कान किटता कामा नयेत. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास असतो, तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सत्तरच्या जरा खाली. तू ऐकतोस त्यातलं नव्वद टक्के गाणं ख्यालाचं आहे. त्याला पुरुषभर उंचीचे टॉवर लागत नाहीत. बीबीसीनं १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएसथ्री-फाइव्हए नावाचा जेमतेम फूटभर उंचीचा स्पीकर बनवला. त्याला खोल खर्ज नाही, मोठ्या आवाजात तो दमतो, पण माणसाचा गळा जसाच्या तसा देतो म्हणून आजही त्याला गिऱ्हाईक आहे.

तारांबद्दल विचारलंस, त्यावर दोनच वाक्यं खर्चते. इलेक्ट्रिशियन घराच्या वायरिंगला वापरतो ती अडीच एमएमची तांब्याची तार पाच मीटरसाठी पुरून उरते. वीतभर लांबीला हजारो रुपये मागणाऱ्या माणसाला नमस्कार कर आणि चालू लाग.

अँप्लिफायर मात्र कमी वॅटचा म्हणून बदलायला निघू नकोस. ५० चे १०० वॅट केलेस तर हाती तीनच डेसिबल लागतात. तुझा पूर्ण आवाजात फाटत नसेल, आणि खालचे शेजारी ते होऊ देणारही नाहीत, तर राहू दे. हम्म असा आवाज येत असेल तर आधी प्लगचं अर्थिंग तपासून घे.

आणि दादाचे ते जुने मोठे स्पीकर माळ्यावर पडून आहेत, ते भंगारात घालू नकोस. त्यांच्या कोनाभोवतीची फोमची कड आपल्या दमट हवेत भुगा होते, पण बाकीचं युनिट बहुधा शाबूत असतं. कड नवी बसवून मिळते. पुण्यात पासोड्या विठोबाच्या बाजूला चौकशी कर.

पंधरा दिवसांनंतरही नवे घ्यावेसे वाटले तर अवश्य घे, मी आड येणार नाही. सारे पैसे स्पीकरांवरच घाल. तुझ्या हॉलमध्ये आठवडाभर वाजवून बघायला देईल, त्याच दुकानदाराकडून घे. खोकं आणि आतलं थर्माकोल जपून ठेव, त्याशिवाय माल परत घेत नाहीत.



तुझी
आत्या