कोलोनोस्कोपी चांगली, तरी जुलाब थांबेनात

दिवसातून पाच-सहा वेळा पाण्यासारखे जुलाब, कधी रात्री झोपेतून उठवणारे, पण रक्त नाही. साठीपुढच्या बायकांत हा त्रास अधिक. ‘वय झालं’ म्हणून पुष्कळजणी गप्प बसतात, मलिद्यालाही जायचे टाळतात.

हा मायक्रोस्कोपिक कोलायटिस असू शकतो. मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज असते, पण कोलोनोस्कोपीत आतडे बहुधा निरोगीच दिसते. त्याचे बारीक तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तरच आजार कळतो. तुकडे काढले होते का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. कुपत खोलिमच्या शौच-तपासणीत रक्त सापडले नाही, एवढ्याने हा आजार नाही असे ठरत नाही.

जाताना गोळ्यांची सगळी पिशवी न्या. सांधेदुखीची आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, आम्लपित्ताची ओमेप्राझोल, नैराश्याची सर्ट्रालिन यांचा या आजाराशी संबंध आढळला आहे. मात्र आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नका. बंद करायची ती सिगारेट!

बुडेसोनाईडने बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो. औषध थांबल्यावर त्रास उलटू शकतो. तसे झाले तर पुन्हा डॉक्टरांकडे जा. हा कर्करोग नव्हे. मात्र शौचातून रक्त पडले किंवा चक्कर आली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.