एकच स्टेशन

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, मला वाटलं आता मी गेलेच," आणि मला सात वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ आठवली. फास्ट लोकलने घाटकोपर सोडलं होतं, लेडीज डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. एकाएकी छातीत धडधडायला लागलं. दरदरून घाम, बोटांना मुंग्या, श्वास घशाशी अडकलेला. ठाणं येईपर्यंत मी मनातल्या मनात मुलांचा निरोप घेतला होता.

ईसीजी नॉर्मल आला. थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, सगळं ठीक. सासूबाईंनी मायेने मीठमोहऱ्या उतरवल्या. "काही झालेलं नाही" म्हणून सगळे निर्धास्त झाले आणि माझी धास्ती मात्र वाढली. काहीच नव्हतं, तर मग ते होतं काय?

त्याला पॅनिक अटॅक म्हणतात हे मला सहा महिन्यांनी कळलं. तुला इतके दिवस थांबावं लागू नये, म्हणून आजच सांगते. रस्ता ओलांडताना गाडी अंगावर आली तर काळीज कसं उडतं? अ‍ॅड्रेनलिन उसळतं, शरीर पळायला तयार होतं. पॅनिकमध्ये गाडी नसतेच, पण शरीराची तयारी तीच. आपण भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून चक्कर आणि ओठा-बोटांना मुंग्या. त्या मुंग्यांनी आपण आणखी घाबरतो. पण हा भर बहुधा दहाएक मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरतोच.

तेव्हा कुणी "खोल श्वास घे" म्हटलं, तरी हवा ओढत बसू नकोस. श्वास सोडण्याकडे लक्ष दे. नाकाने चार अंक मोजत आत घे आणि गरम दुधावर फुंकर घालतो तसा सहा अंक मोजत सोड. पाय जमिनीला टेकलेत का ते बघ. दिसणाऱ्या पाच गोष्टींची नावं घे: पंखा, हँडल, समोरचीचा गजरा, काहीही. आणि स्वतःला सांग, "हे मला माहीत आहे. हे जाणार आहे."

माझी खरी चूक पुढेच झाली, ती तू करू नकोस. त्या दिवसानंतर मी फास्ट लोकल सोडली. स्लो बरी, दर काही मिनिटांनी उतरता येतं. मग स्लोही सोडली. मग लग्नसमारंभ, बाजार, सिनेमा. टाळलं की त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं, पण पुढच्या वेळी भीती दुप्पट होऊन उभी राहते. अटॅकने माझं काही बिघडवलं नाही गं, या टाळण्याने वर्ष खाल्लं.

बाहेर आले ती समुपदेशनातून. समुपदेशकांनी माझ्याकडून भीतीची पायरी-पायरीने यादी करून घेतली. पहिली पायरी: रविवारी दुपारी, जाऊबाईंसोबत, ठाणे ते मुलुंड. घाबरले, पण उतरले नाही. चौथ्या खेपेला एकटी गेले. काही महिने गोळ्याही घेतल्या. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि त्या आपल्या मनाने बंद करायच्या नसतात.

तू आधी डॉक्टरांकडून तपासून घे. छातीतली कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, शुद्ध हरपली, तर "पॅनिकच असेल" म्हणत बसू नकोस, थेट दवाखाना गाठ. रात्री-बेरात्री बोलावंसं वाटलं तर 14416 लाव. ही सरकारची टेलि-मानस सेवा, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आणि मी आहेच.

या रविवारी दुपारी ठाण्याला ये. गर्दी नसते. मुलुंडपर्यंत जाऊ, तुझा हात धरते. एकच स्टेशन.