संघ कोणाचा, खेळाडू कुठले?

आंतरशालेय स्पर्धांचे दिवस आले की मधल्या सुट्टीत एकच वाद ऐकू येतो : कोणाच्या शाळेचा संघ भारी? वाद घालायला आमची हरकत नाही. पण 'भारी' हे मोजायचे कशाने, हे आधी ठरवायला हवे. जिंकलेल्या सामन्यांवरून संघाची ताकद कळते, पण त्याने खेळाडू कसे निवडले ते कळत नाही. या पाठात आपण खेळाडूंच्या निवडीची तुलना कशी करावी ते पाहू. उदाहरणासाठी लांब जायला नको, आपल्याच शहराचा फुटबॉलचा इतिहास पुरेसा आहे.

प्रथम थोडे गणित. अमेरिकेत कॉलेजांच्या संघांना मोठा मान असतो. त्यांचे फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचा खेळ, आपले फुटबॉल नव्हे. तिथे शाळेतल्या खेळाडूंना पाचपर्यंत तारे देतात, आणि कोणत्या कॉलेजाने किती ताऱ्यांची मुले घेतली यावर वर्षभर चर्चा चालते. समजा, 'अ' कॉलेजाने २५ मुले घेतली व त्यांची सरासरी ३.२ तारे आली. 'ब' कॉलेजाने १६ च घेतली, पण सरासरी ३.७५ आली. बेरीज केली तर 'अ'चे ८० तारे, 'ब'चे ६०. मग पुढे कोण? बेरजेने 'अ', सरासरीने 'ब'. म्हणून कोणी आकडा सांगितला तर तो बेरजेचा की सरासरीचा, हे आधी विचारावे. आणखी एक प्रश्न राहतोच. तारे देणाऱ्याची नजर चुकली तर काय?

आता आपल्या शहराकडे येऊ. सय्यद अब्दुल रहीम हे नाव २०२४ च्या 'मैदान' या हिंदी चित्रपटामुळे पुष्कळांना माहीत झाले. पण ते मुळात मास्तर होते, हे आपल्या भागातल्या मुलांनी विशेष लक्षात ठेवावे. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. काचीगुडा, चादरघाट येथील शाळांत त्यांनी शिकवले. गौलीगुड्यातून ही ठिकाणे पायी जाण्याइतकी जवळ आहेत. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेऊन त्यांनी शाळेतल्या खेळांची जबाबदारी घेतली. १९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले, आणि १९५० पासून १९६३ मध्ये मृत्यू येईपर्यंत हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाचे प्रशिक्षक होते.

या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. १९५० च्या ड्युरँड कपात अंतिम सामन्यात त्यांनी मोहन बागानला हरवले. कोलकात्याच्या बड्या क्लबांना ही मंडळी भारी पडत होती, आणि त्यांच्यातले बरेचसे खेळाडू याच शहराच्या मैदानांवर तयार झालेले होते.

त्याच काळातला कोलकात्याचा ईस्ट बंगाल पाहा. त्यांच्या आघाडीचे पाच खेळाडू, वेंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह, 'पंच पांडव' म्हणून गाजले. पाचही दक्षिणेकडचे, बंगालचा एकही नाही! म्हणजे एक संघ घरच्या शेतात पिकवत होता, तर दुसरा बाजारात जाऊन उत्तम माल निवडत होता. यात ईस्ट बंगालचे काही चुकले असे आम्ही म्हणत नाही. बाजारातली पारख हीसुद्धा कलाच आहे. पण दोघांची 'निवड' एकाच तराजूत तोलता येणार नाही.

रहीमसाहेब पिकवत कसे होते? लहान मुलांसाठी ते वेगळ्याच नियमांच्या स्पर्धा घेत. एका स्पर्धेत चेंडू पायाशी खेळवत नेण्यास बंदी, आला की लगेच पुढे द्यायचा. दुसरीत ज्या पायाने नीट मारता येत नाही त्याच पायाने खेळायचे. अशा खेळात नुसता दांडगटपणा चालत नाही. कोणाची समज चांगली ते आपोआप दिसते, आणि पाहणाऱ्याला निवड करणे सोपे जाते. म्हणजे त्यांची स्पर्धा हीच परीक्षा होती आणि शिकवणीही होती. आमच्या मते रहीमसाहेबांचे सर्वांत मोठे काम चषकांपेक्षा हेच.

तुलसीदास बलराम हा सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा येथील गरीब घरातला मुलगा. रहीमसाहेबांनी त्याचा खेळ पाहिला आणि सरावाला बोलावले. एवढ्या लांबून रोज यायचे कसे? तेव्हा सायकलच्या भाड्याचे पैसे त्यांनीच दिले. हा मुलगा १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये खेळला. भारत त्या स्पर्धेत चौथा आला, आणि प्रशिक्षक रहीमसाहेबच होते. अझीझुद्दीन, नूर मोहंमद, झुल्फिकारुद्दीन, अहमद हुसेन हे आपल्या शहराचे आणखी खेळाडू त्या संघात होते. ताऱ्यांच्या हिशेबात बलरामला सुरुवातीला किती तारे मिळाले असते, याचा विचार करा.

१९५७ मध्ये बलराम ईस्ट बंगालला गेला. तिथून पुढे ही वाट मळलीच. १९६६ मध्ये नईमुद्दीन व हबीब त्याच क्लबकडे गेले. पुढे हबीबचा भाऊ अकबरही कोलकात्यालाच गाजला. १९७६ च्या मोहन बागान–ईस्ट बंगाल सामन्यात त्याने मोहन बागानकडून १७ व्या सेकंदाला गोल केला होता. १९७७ मध्ये पेले न्यूयॉर्क कॉसमॉसबरोबर कोलकात्यात आला तेव्हा सामना २–२ असा बरोबरीत सुटला, आणि मोहन बागानच्या दोन गोलांपैकी एक हबीबचा होता. इथे पोलिसांची नोकरी आणि पगार, तिथे पैसा, नाव आणि खचाखच भरलेली मैदाने. मुले गेली तर त्यांना दोष कसा द्यावा? कोलकात्यात तर सह्या होईपर्यंत खेळाडूंना लपवून ठेवण्याची रीतच पडली होती. दुसऱ्या क्लबाची माणसे पळवतील ही भीती!

आता तुलनेचा खरा धडा. १९५६-५७ व १९५७-५८ अशी लागोपाठ दोन वर्षे संतोष ट्रॉफी हैदराबादने जिंकली, दोन्ही वेळा अंतिम सामन्यात मुंबईला हरवून. त्यानंतर आंध्र प्रदेशाला ती १९६५-६६ मध्ये एकदा मिळाली. ३१ डिसेंबर २०२४ रोजी हिचा अंतिम सामना आपल्याच गच्चीबावलीला झाला. बंगालने केरळला १–० असे हरवून ती ३३ व्यांदा नेली. यजमान आपण, चषक पाहुण्यांचा. खेळाडू बाहेर गेले म्हणून असे झाले, हे उत्तर अर्धेच आहे. हबीब गेला तरी दुसरा हबीब तयार होत राहिला असता तर काही बिघडले नसते. रहीमसाहेब १९६३ मध्ये गेले, आणि त्या मुलांच्या स्पर्धा, ती पारख हळूहळू मागे पडली. झाडाची फळे कोणी नेली याची मोजदाद आपण करत बसलो, झाडाला पाणी कोण घालते हे विचारले नाही.

अलीकडचे उदाहरण याहून वेगळे. २०१९ मध्ये पुण्याचा एफसी पुणे सिटी हा संघ बंद पडला आणि त्याच्या जागी हैदराबाद एफसी उभा राहिला. त्याने २०२२ मध्ये गोव्यात केरळा ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून इंडियन सुपर लीग जिंकली. आनंद आम्हालाही झाला. पण त्या संघात या शहराच्या मैदानावर वाढलेले किती होते, हे मोजायला एका हाताची बोटेही जास्त झाली असती. २०२५ मध्ये तो संघ दिल्लीला गेला, नावही बदलले. मालक जातो तसा संघ जातो. सिटी पोलिसांचा संघ असा उचलून नेता आला नसता.

मैदानांचाही हिशेब हवा. आपल्या शेजारच्या गोशामहालच्या पोलीस मैदानावर ३१ जानेवारी २०२५ रोजी उस्मानिया रुग्णालयाच्या नव्या इमारतीची पायाभरणी झाली. रुग्णालय हवेच, त्याबद्दल वाद नाही. पण नवी मुले खेळणार कुठे, हा प्रश्न निवडीच्या आधीचा आहे.

स्वाध्याय : आपल्या शाळेच्या आणि प्रतिस्पर्धी शाळेच्या संघासाठी एक तक्ता करा. प्रत्येक खेळाडू त्या शाळेत कोणत्या इयत्तेपासून आहे, त्याला प्रथम कोणी पाहिले, सरावाला तो कुठून आणि कसा येतो, हे लिहा. गेल्या वर्षीच्या संघातले किती जण अजून खेळतात तेही लिहा. गोलांची संख्या शेवटच्या रकान्यात असू द्या. घरी आजोबा असतील तर त्यांना विचारा, ते कोणत्या मैदानावर खेळत होते आणि आज त्या जागी काय आहे. तक्ते वर्गशिक्षकांकडे द्यावेत.